बेस उतरवल्यावरचा चेहरा

रोज फाउंडेशन लावून बाहेर पडणाऱ्या बाईने एके दिवशी ते लावायचं नाही असं ठरवलं, की पहिला त्रास त्वचेला होत नाही, डोळ्याला होतो. आरशातलं तोंड अर्धवट वाटतं. ओठांची कड पुसट दिसते, डोळ्यांखालचा तपकिरी पट्टा पुढे येतो, नाकपुड्यांच्या बाजूची लाली आणि हनुवटीवरचे जुने डाग एकदमच दिसायला लागतात. काल रात्री तोंड धुतल्यावरही हे सगळं तिथेच होतं. पण रात्री आपण तिकडे बघत नाही, दात घासतो आणि झोपतो.

मेकअप हे माझं रोजचं काम आहे. नवऱ्या मुली, साखरपुडे, फोटोशूट. आणि दुसऱ्यांचे चेहरे करायला जाताना स्वतःचा चेहरा केलेला असायलाच हवा, हा या धंद्यातला न बोललेला नियम. बारा आठवडे मी तो बाजूला ठेवला आणि कामावरसुद्धा कोऱ्या चेहऱ्याने गेले. मेकअप वाईट म्हणून नाही. मला तो मनापासून आवडतो. सकाळी ओला स्पंज गालावर टेकतो तेव्हाचा तो गार, मऊ दाबसुद्धा आवडतो. पण आवडतो म्हणून लावते, की नसला तर भीती वाटते म्हणून लावते, हे माझं मलाच सांगता येईना. ते कळायला तो उतरवून बघण्यावाचून इलाज नव्हता.

आधी रोज नेमकं काय लावलं जात होतं ते सांगते, कारण त्यावरूनच काय सोडायचं आणि कोणत्या क्रमाने, हे ठरतं. तोंड धुऊन मॉइश्चरायझर, पाच मिनिटं थांबायचं. दोन बोटांवर ओढलेल्या दोन पूर्ण रेघांएवढं सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून, आणि ते बसायला दहा मिनिटं. वाटाण्याएवढा प्रायमर, म्हणजे फाउंडेशन नीट बसावं म्हणून त्याच्या खाली लावायचा थर, तोही फक्त कपाळाचा मधला भाग, नाक आणि नाकालगतचा गाल एवढ्यापुरता. डोळ्यांखाली वर्तुळांचा रंग मारणारा करेक्टर: वर्ण सावळा आणि वर्तुळं निळसर असतील तर नारिंगी, गव्हाळ असेल तर पीच. फाउंडेशनचा दीड पंप, मग डाग झाकणारा कन्सीलर, मग पावडर. काजळ, लायनर, मस्कारा, ओठ. हात बसलेला असला तरी पंचवीस मिनिटं जातात.

यात जे बिघडतं ते बहुतेक वेळा घाईने बिघडतं. सनस्क्रीन ओलं असताना त्यावर सिलिकॉनचा प्रायमर चोळला की खोडरबराच्या भुग्यासारख्या बारीक वळ्या सुटतात. मग बाई प्रॉडक्टला नावं ठेवते, पण चूक न थांबण्याची आणि चोळण्याची असते. प्रायमर थापटून बसवायचा असतो. स्पंज पाण्यात बुडवला की चांगला फुगतो. तो पिळून, टॉवेलात गुंडाळून परत दाबायचा. पाणी राहिलं तर फाउंडेशन पातळ होऊन ठिगळं पडतात, आणि स्पंज कोरडाच वापरला तर अर्धं फाउंडेशन तोच पितो. मुंबई, ठाणे, कोकणपट्टीत आणखी एक भर. हवेत ओल असली की घाम उडून जात नाही, बेसच्या, म्हणजे फाउंडेशन-पावडरच्या थराच्या, खाली साचतो, आणि बेस सगळ्यात आधी नाकाच्या शेंड्यावर आणि वरच्या ओठावर सुटतो. तिथे वरून पावडर थापली की केक होतो, म्हणजे जाड थर साचतो. आधी टिश्यू दाबून घाम-तेल टिपायचं, पावडर त्यानंतर, आणि तीही नावापुरती.

शेडबद्दल थोडं जास्त बोलते, कारण कोऱ्या चेहऱ्याची भीती मला तरी इथेच रुजलेली दिसते. दुकानात दहातल्या आठ जणी 'एक शेड उजळ द्या' म्हणतात असं मी सवयीने सांगत असते. आकडा मोजलेला नाही, पण ते वाक्य मात्र रोजचं आहे. आपल्याकडे गोरेपणाची क्रीम १९७५ पासून घराघरांत आहे. त्यातल्या सर्वांत खपाच्या क्रीमच्या नावातून गोरेपणाचा शब्द गेला तो २०२० साली. एवढ्या वर्षांची ओढ एका बाटलीत कशी दिसते ते बघा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेच्या तळाशी पिवळी किंवा हिरवट झाक असते. तिच्यावर गुलाबी झाकेचं, उजळ फाउंडेशन बसवलं की चेहरा उजळत नाही, राखाडी पडतो. मान वेगळी, तोंड वेगळं. फोटोत फ्लॅश पडला आणि वर झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा सिलिकाची जाड पावडर असली, तर पिठात तोंड घातल्यासारखं पांढरं येतं.

शेड मनगटावर बघायची नाही. जबड्याच्या कडेवर तीन शेडच्या रेघा ओढायच्या, खिडकीशी जायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कारण बरीच फाउंडेशनं चेहऱ्याच्या तेलाशी आणि हवेशी मिसळून थोडी काळवंडतात. जी रेघ दिसेनाशी होते ती आपली. आणि ती सापडली की एक गंमत कळते: बरोबर शेड फार कमी लागते. दीड पंपाचा अर्धा पंप होतो. उजळ शेड लावणारीला भरपूर थापावं लागतं, आणि रात्री ते उतरवल्यावर स्वतःचा रंग जास्तच काळा वाटतो. तो काळा नसतो. दिवसभर शेजारी ठेवलेलं माप चुकीचं असतं.

आता उतरवणं. कोऱ्या चेहऱ्याची सुरुवात खरं म्हणजे सकाळी होत नाही, आदल्या रात्री होते. बहुतेक जणी लावायला पंचवीस मिनिटं देतात आणि काढायला दोन ओले वाइप्स. वाइपने मेकअप निघतो त्यापेक्षा जास्त पसरतो, आणि घासून त्वचा लाल होते. सावळ्या त्वचेत असली रोजची घासाघीस पुढे डागांच्या रूपाने दिसते.

माझी पद्धत अशी. आधी डोळे. कापसाच्या चकतीवर तेल आणि पाणी असे दोन थर असलेला रिमूव्हर, बाटली हलवून. चकती मिटल्या डोळ्यावर ठेवायची आणि वीस ते तीस सेकंद नुसती धरायची. घासायचं नाही. मस्कारा सुटायला वेळ लागतो, जोर नाही. मग वरून खाली, पापणीच्या केसांच्या दिशेने, एकदाच ओढायची. त्यानंतर चेहरा. हात कोरडे, तोंड कोरडं. ही पायरी चुकते आणि सगळं बिघडतं, कारण आधीच पाणी लागलं तर तेल मेकअपला धरत नाही. बोराएवढा क्लीन्झिंग बाम, म्हणजे मेकअप सोडवणारं घट्ट तेलकट मलम, तळव्यावर वितळवून मिनिटभर गोल फिरवायचा. नाकपुडीची खाच, भुवयांचे केस, केसांची रेषा, आणि कानाच्या पाळीखाली जबडा जिथे वळतो ती जागा. मग हात ओले करून पुन्हा फिरवायचं. बाम दुधासारखा पांढरा होतो, तेव्हाच तो पाण्याने निघतो. शेवटी साधा सौम्य फेसवॉश.

मग एक ओली पांढरी चकती घ्यायची आणि ट्यूबलाइटखाली कानामागून हनुवटीपर्यंत ओढून बघायची. पहिल्या रात्री माझी चकती स्वच्छ होती असं मला वाटलं. उलटी करून कानाच्या पाळीखालून फिरवली, तर बदामी रंगाचा, नखाएवढ्या रुंदीचा पट्टा. मेकअप काढणं हा माझा धंदा, रोज दोनदा तोंड धुणारी मी, आणि त्या एका वळणावर काल-परवाचा बेस तसाच. जबड्याच्या कडेला सतत येणाऱ्या बारीक पुळ्यांचं कारण मी हवापाण्यात शोधत होते, आणि ते त्या चकतीवर होतं.

खोबरेल तेलाबद्दल खूपदा विचारतात. मेकअप ते काढतं, काजळही काढतं. पण पाण्याने ते दुधाळ होत नाही, थर मागे ठेवतं, आणि पुळ्यांची प्रवृत्ती असलेल्या त्वचेत रंध्रं बुजवतं. कोरड्या त्वचेच्या बाईने लावून नंतर फेसवॉशने नीट धुतलं तर हरकत नाही. तेलकट त्वचेला माझं सरळ नाही आहे.

सोडण्याचा क्रम. एका दिवसात सगळं सोडलं तर तिसऱ्या दिवशी सगळं परत येतं, हे मी इतरांचं बघितलं होतं. म्हणून पहिले दोन आठवडे फाउंडेशन आणि पावडर बंद, पण कन्सीलर चालू. तोही बोटाने पसरून नाही, बारीक ब्रशने फक्त डागाच्या मध्यावर टिपका द्यायचा आणि त्याच्या कडा तेवढ्या मिसळायच्या. तिसऱ्या आठवड्यात कन्सीलर बंद. मस्कारा आणि लायनर त्याच्याबरोबर गेले, त्यांचं विशेष वाटलं नाही. काजळ चौथ्या आठवड्यात. लिपस्टिकच्या जागी साधा बाम.

काजळ सर्वांत अवघड गेलं. बेस ही नंतर शिकलेली गोष्ट, काजळ मात्र पाळण्यातलं. ते पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर भरतात, आणि तिथेच तेलग्रंथींची तोंडं एका ओळीत असतात. त्या तेलामुळे डोळ्यातलं पाणी लवकर उडत नाही. रोज वॉटरप्रूफ काजळ त्या कडेवर बसत राहिलं की डोळे चुरचुरणं, संध्याकाळी कोरडे पडणं सुरू होतं, आणि आपण दोष मोबाइलला देतो. सहाव्या आठवड्यापर्यंत माझी संध्याकाळची चुरचुर कमी झाली होती. आता परत लावते, पण पापणीच्या बाहेरच्या बाजूला, केसांच्या मुळाशी.

पहिल्या आठवड्यात जे ऐकू येतं ते ठरलेलं असतं. 'बरं नाही का?' 'झोप झाली नाही का?' 'तोंड किती उतरलंय!' हे ऐकताना पोटात खड्डा पडतो, आणि बऱ्याच जणी इथूनच मागे फिरतात. पण असं का होतं ते समजून घेतलं तर सोपं जातं. डोळे, भुवया आणि ओठ एका बाजूला, भोवतीची त्वचा दुसऱ्या बाजूला, यांच्यातला गडद-उजळ फरक मेकअप वाढवतो. वय वाढतं किंवा माणूस आजारी पडतं तेव्हा हा फरक कमी होतो. समोरच्याच्या डोळ्याला तुमचा वाढवलेला फरक पाठ झालेला असतो. तो अचानक कमी झाला की त्याला आजारपण आठवतं. तो तुमच्या चेहऱ्याला कुरूप म्हणत नाही, कालच्या चेहऱ्याशी आजचा ताडून बघतो आहे. साधारण दोन आठवड्यांत लोकांचं विचारणं थांबतं. त्यांना आपल्यापेक्षा लवकर सवय होते, हे मला फार दिलासा देणारं वाटलं.

स्वतःच्या सवयीला जास्त वेळ लागतो, आणि त्यासाठी दोन गोष्टी मी कडक पाळल्या. भिंग असलेला आरसा पेटीत बंद. त्यात रंध्र दिसतं, चेहरा दिसत नाही. आणि जगात कोणीही आपल्याकडे चार इंचांवरून बघत नाही. दुसरं, फोनचा पुढचा कॅमेरा बंद. हातभर अंतरावरून घेतलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, तो जवळून फोटो घेतल्याचा परिणाम आहे. शिवाय बऱ्याच फोनमध्ये त्वचा गुळगुळीत करणारं सेटिंग आधीपासूनच चालू असतं, त्यामुळे फोनमधलं तोंड आणि आरशातलं तोंड जुळत नाही. सकाळी एकदाच, खिडकीसमोर, हातभर अंतरावर. बस.

त्वचेचं काय होतं? इथे खूप भाबड्या गोष्टी पसरल्या आहेत. 'मेकअप सोडला की त्वचा मोकळा श्वास घेते' हे ऐकायला छान आहे, पण त्वचा फुप्फुसासारखा श्वास घेत नाही; फाउंडेशनने ती गुदमरत नाही. 'विष बाहेर पडतं म्हणून सुरुवातीला पुळ्या येतात' हेही खरं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ज्या पुळ्या येतात त्या कित्येक आठवडे आधी रंध्रात तयार होत असतात, मेकअप असता तरी आल्याच असत्या. चेहरा जास्त तेलकट वाटतो, कारण तेल पिणारी पावडर आता वर नाही. तेल तेवढंच आहे. खरा फरक पडतो तो घासणं आणि अर्धवट निघालेला बेस थांबल्यामुळे. तरुण वयात वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे अधिक. म्हणून आठ दिवसांत आरशात निकाल शोधू नये. माझ्या जबड्यावरच्या पुळ्या पाचव्या आठवड्यानंतर कमी व्हायला लागल्या. डोळ्यांखालची वर्तुळं तशीच आहेत. ती रंगाची आणि हाडाच्या ठेवणीची आहेत, मेकअपचा त्यांच्याशी संबंध नव्हता.

या काळात तीनच वस्तू: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. मेकअपची रिकामी झालेली जागा लोक लिंबू, सोडा आणि बेसनाने भरतात. लिंबाचा रस भयंकर आम्ल असतो, आणि तो लावून उन्हात गेलं तर काळपट चट्टे उठू शकतात, ते महिनोन्‌महिने राहतात. खायचा सोडा उलट्या टोकाचा, त्वचेचा नैसर्गिक आम्लपणा मोडणारा. अंगाचा साबणही तोंडाला नको, त्याच कारणाने. मुलतानी माती तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा चालते, पण पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवू नये.

सनस्क्रीनला मात्र तडजोड नाही, कोऱ्या चेहऱ्यावर तर नाहीच. दोन बोटांच्या रेघा म्हणजे साधारण एक ग्रॅम. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिन्याच्या आत संपायला हवी. सहा महिने पुरत असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही आहात, त्याचा वास लावता आहात. बेस असताना दुपारी परत लावणं हे मोठं संकट असतं, सगळं फाटतं. कोरं तोंड गार पाण्याने धुवायचं, टिपायचं, परत लावायचं, दोन मिनिटांत काम झालं. या बारा आठवड्यांतलं सर्वांत मोठं सुख मला हेच वाटलं: मे महिन्यात दुपारी दोन वाजता तोंडावर पाणी मारता येणं. इतक्या वर्षांत दिवसाढवळ्या मी ते केलं नव्हतं.

वांग असलेल्या बायकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतं, आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, म्हणजे रंग असलेलं सनस्क्रीन लागतं. त्याने थोडं झाकलंही जातं. हा मेकअप म्हणायचा की औषध, यावर वाद घालू नये. लावावं. फाउंडेशनमधला रंगही त्याच आयर्न ऑक्साइडचा असतो, म्हणजे वांग असलेल्या बाईचा बेस तिची थोडी राखणही करत होता. तिने तो नुसताच सोडून उघड्या तोंडाने उन्हात फिरू नये.

आणि एक इशारा, जो मी दर वेळी पोटतिडकीने देते. ज्यांनी 'रात्रीची क्रीम' म्हणून महिनोन्‌महिने स्टेरॉइडचं मलम लावलं आहे, मैत्रिणीने दिलेलं किंवा औषधाच्या दुकानातून मागून आणलेलं, त्यांनी हा प्रयोग आपल्या मनाने सुरू करू नये. अशा मलमात बऱ्याचदा स्टेरॉइड, रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि त्वचेचा वरचा थर लवकर बदलायला लावणारं ट्रेटिनॉइन असं त्रिकूट असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मऊ होतो. मग त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसतात, गालावर लव वाढते. आणि ते एकदम बंद केलं की आग, सूज, पुळ्यांचा उद्रेक. मग बाई घाबरून परत तेच लावते. स्टेरॉइडच्या मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीवर २०१८ मध्ये बंधनं आणखी कडक झाली, तरी ती काउंटरवर मिळतात. हे त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच सुटतं, हळूहळू, आणि त्या काळात मेकअप लावून लपवावंसं वाटलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता कपाळ. कोरा चेहरा म्हटलं की इतर कुठल्या भाषेतल्या बाईला फाउंडेशन-लिपस्टिक आठवत असेल. आपल्याकडे मधे टिकली येते. टिकली मेकअपमध्ये मोजायची की नाही? माझ्या क्रमात ती शेवटी होती, नवव्या आठवड्यात, आणि ती काढताना जे जाणवलं ते फाउंडेशन काढताना अजिबात जाणवलं नव्हतं. फाउंडेशन नसलं तर लोक तब्येत विचारतात. टिकली नसली तर घरातली मोठी माणसं दचकतात. पांढरं कपाळ हा शब्दच आपल्याकडे दुःखाचा आहे. एका बाईने आवडीने मोकळं ठेवलेलं कपाळ आणि दुसऱ्या बाईचं जबरदस्तीने पुसलेलं कपाळ लांबून सारखंच दिसतं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव करून पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद केलं, तेव्हा मला कळलं की लावायचं की नाही हे जिचं तिने ठरवणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. बिनटिकलीचे माझे चार आठवडे हा माझा निवडीचा हक्क होता, आणि तो प्रत्येकीला मिळालेला नाही, हे त्या चार आठवड्यांत एक दिवसही विसरता आलं नाही.

टिकलीची व्यवहाराची बाजूही आहे. तिच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं द्रव्य असू शकतं, आणि रोज त्याच जागी टिकली चिकटवणाऱ्या काही बायकांच्या कपाळावर त्या आकाराचा पांढरा डाग पडतो. खाज सुटणं ही बऱ्याचदा पहिली खूण. तिथेच थांबायचं, जागा बदलून परत चिकटवायची नाही, आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं. रात्री टिकली काढून आरशाला चिकटवायची आणि सकाळी तीच परत लावायची ही घरोघरची पद्धत, पण आरशावरची ओल आणि धूळही मग कपाळावर येते. जुन्या बायका आधी मेण लावून त्यावर कुंकू बसवत. हळदीचं खरं कुंकू असेल तर आजही ते उत्तम. बाजारातलं रासायनिक रंगाचं कुंकू मात्र कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघावं. त्याने होणारा त्रास कधी खाजेने दिसतो, कधी नुसताच काळपट डाग पडतो.

दहाव्या आठवड्याच्या सुमाराला आरसा शांत झाला. त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही. सकाळी खिडकीशी उभी राहिले की आधी नजर डागांवर जायची, ती आता डोळ्यांवर जायला लागली. चेहरा बदलला नव्हता, फार तर थोडा निवळला होता. नजर कुठून सुरू होते ते बदललं होतं. आणि मग बाराव्या आठवड्यानंतर एका लग्नासाठी पुन्हा बेस लावला, तेव्हा उत्तर मिळालं: स्पंजचा तो गार दाब आवडला, आणि रात्री तो उतरवतानाही तितकंच बरं वाटलं. पूर्वी उतरवताना घाई असायची, दिवा मालवल्यासारखी.

आता आठवड्यातले चार-पाच दिवस तोंड कोरं असतं, सनस्क्रीनपुरतं. पेटी आवरली तेव्हा तीन फाउंडेशनं आणि दोन मस्कारे फेकावे लागले. डबीवर उघड्या झाकणाचं चित्र असतं आणि त्यात ६ किंवा १२ आकडा, तेवढे महिने उघडल्यानंतर. मस्कारा तर तीन ते सहा महिनेच, कारण त्याची कांडी रोज डोळ्याला लागून परत बाटलीत जाते. उघडलेल्या प्रत्येक बाटलीच्या बुडावर मी आता तारीख लिहिते.

कामात एक बदल केला आहे. नवरीच्या ट्रायलला, म्हणजे लग्नाआधी मेकअप करून बघायच्या दिवशी, तिला मेकअप न करता यायला सांगते, काजळसुद्धा नाही, आणि आदल्या दिवशी थ्रेडिंग नको, कारण नुकत्या ओढलेल्या केसांच्या रंध्रांवर बेस गेला की पुळ्या येतात. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात नवं फेशियलही नको. ती आली की खिडकीशी बसवते आणि पहिली दहा मिनिटं काहीच लावत नाही. बहुतेक मुली लगेच तोंडावर हात नेतात, 'इथे डाग आहे, इकडे काळं आहे' सांगायला लागतात. मी ऐकून घेते, हात हळूच खाली घेते, आणि मान व तोंडाच्या रंगात फरक किती आहे, ओठांचा मूळ रंग तपकिरी आहे की गुलाबी, हसताना डोळ्यांखाली वळ्या कुठे पडतात, एवढंच बघते. वळ्या पडतात तिथे बेस सर्वांत पातळ ठेवायचा, नाहीतर मुहूर्तापर्यंत तो तिथेच फाटतो. मग जबड्याच्या कडेवर तीन रेघा ओढते, तिच्या हातात आरसा देते आणि कोणती दिसेनाशी होते ते तिलाच सांगायला लावते.